सिरिलच्या दारात उभी राहिलेली बस

...नाही, चित्र छापलं ते छापलं, पण मला एका शब्दानं विचारायचं की नाही? हेरफर्डशर बघायला या म्हणून जिल्ह्यानं माहितीपत्रक काढलं, आणि त्यावर घर कोणाचं? आमचं! काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, दारात गुलाब... झालं! तेव्हापासून मी साधी शिंकले तरी खिडकीशी चार डोकी! का? तर पत्रकावर आमचं घर आहे!

तुम्हाला सांगते, माझा नवरा, आमचा सिरिल गेला. पुढच्या खोलीत शवपेटी, झाकण उघडं, मी काळ्या झग्यात, टेबलावर आल्यागेल्यांसाठी सँडविच, केक... आणि दारात बस! उतरलं कोण? प्रुनेला, पाहुण्यांना जिल्हा दाखवणारी. तिला सगळं ठाऊक होतं हो! कानाशी येऊन म्हणते कशी, "विनी, किल्ला दुरुस्तीला बंद आहे गं, आता यांना दाखवू काय? दहाच मिनिटं!" आणि मी तोंड उघडायच्या आत मागे वळून, "या, या! जुन्या पद्धतीचं खेड्यातलं मरण बघा!"

घुसले ना सगळे! एक म्हातारी तोंडात केक कोंबून म्हणते, "पुतळा काय हुबेहूब केलाय!" एकानं तर सिरिलच्या गालात बोट खुपसलं. म्हणतो कसा, "मेण आहे, मेण!" मी किंचाळले, "अहो, नवरा आहे तो माझा! खरंच गेलाय!" तर टाळ्या! मी ढसाढसा रडायला लागले, तर आणखी टाळ्या! वर म्हणतात, "बाई, परत एकदा रडा ना, फोटो हलला!" का? तर पत्रकावर आमचं घर आहे!

पाद्री आले, पेटी उचलली, तर हे सगळे मागोमाग चर्चपर्यंत! आमची माणसं मोजून सहा, यांची बस भरून. आणि स्तोत्र काय गायले म्हणता... खणखणीत! सिरिलला जिवंतपणी कुत्रं विचारत नव्हतं, मला खरंच भरून आलं. तेवढ्यात खड्ड्यापाशी एकजण प्रुनेलाला विचारतो, "दुपारचा प्रयोग कितीला?"

काल तिचा फोन. "विनी, पाहुणे फार खूश झाले गं! गुरुवारी दुसरी बस येतेय, किल्ला अजून बंदच आहे... सिरिलचा भाऊ आजारी होता ना, कसा आहे?"

काय सांगणार? म्हटलं, "गुरुवारचं कठीण दिसतंय बाई, अजून तग धरून आहे मेला!"