कडूनिंबावरचा साप

मी हळू बोलते, त्यामुळे माझं बोलणं कोणी फारसं मनावर घेत नाही. परतवाड्याजवळ आमच्या शेतात मिरच्या तोडताना मोबाइलवर इशारा आला: अमरावती, अकोल्यात वादळ येणार, विजा पडण्याचा धोका. थोड्याच वेळात आभाळ काळं झालं, थेंब पडू लागले, तशा आई, काकू आणि तोडणीच्या बाया बांधावरच्या कडूनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, झाडाखाली नोका थांबू. ईज पडते. मोटारपंपाच्या खोलीत चला," मी म्हणाले.

"तुह्या मोबाइलात रोजच पडते," काकू म्हणाली. "कावून भिजवून राहिली आमाले?"

बाया हसल्या. आईसुद्धा हसली. तेवढ्यात अगदी जवळ गडगडलं. मी फांदीकडे बोट करून ओरडले, "साप! आई, तुह्या डोक्यावर साप!"

टोपल्या टाकून सगळ्या खोलीत पळाल्या. मी दार लावलं आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. खिडकीतून पाहिलं, तर कडूनिंब उभा चिरला होता आणि बुंध्यातून धूर निघत होता.

आईनं माझा हात घट्ट धरला होता. शेवटी काकूनं कानाशी येऊन विचारलं, "माय वो, साप खरंच होता काय?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग गावात कोणाले सांगू नोको," काकू म्हणाली. "पुढच्या खेपेले कामी येईन."