दोन बोटं उरलेला

बायको गेल्यावर तिची पिशवी न्यायला आलेले शिंपीकाका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी तिघांचा वाद चालला होता: स्वर्गाचा दारवान, नरकाचा शिपाई आणि मधे चुरगळल्या कोटातला एक चोर.

“आमच्या तावडीतून शिंपीण पळवलीस,” शिपाई म्हणाला. “खोटारडी होती ती.”

“कसलं खोटं?” चोर म्हणाला. “दुखत असताना नवऱ्याला म्हणायची, काही दुखत नाही. ती आत पोचली, आता विसर.”

“चूक झाली म्हण,” दारवान म्हणाला, “तुलाही आत घेतो.”

“आणि तिचं काय?”

“तिला परत नरकात जावं लागेल.”

“मग नाही म्हणत.”

“एवढा ताठा? स्वर्ग दोन बोटं उरलाय का तुला?”

“दोनच उरलाय. उरू दे.”

शिंपीकाका बाकावर सरकले.

“बसा,” ते चोराला म्हणाले. “उभे किती वेळ राहाल?”