पोस्टरवरचं घर

भुताच्या सिनेमाचा विषय निघाला की मी हल्ली गप्प बसते. का ते ऐका.

आमच्या सिल्वासाच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, आम्ही शिक्षिका एका भूतपटाच्या दुसऱ्या भागाचं पोस्टर आणि ट्रेलर बघत होतो. परीक्षक अर्थातच मी! म्हटलं, "भूत बरंय गं, पण घर बघा! पहिल्या भागात हेच, आता पुन्हा हेच. काय त्या भिंती! अशा घरात माणसं राहतात का कधी? सेटवाल्यांनी अतीच केलंय."

सगळ्या खो-खो हसल्या. सुरंगी गावाहून येणारी आमची नवी शिक्षिका सविता डबा बंद करत म्हणाली, "सेट नाही मॅडम, आमचं घर आहे. भूत तेवढं त्यांनी आणलं."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. वर तीच म्हणते, "असू दे हो. रविवारी जेवायला या आमच्याकडे."

नाही कसं म्हणणार? गेले. ओटीवर तेच पोस्टर चिकटवलेलं. सविताने माझ्या त्या शेऱ्याबद्दल घरी काहीच सांगितलं नव्हतं. तिची आई भाकरी वाढताना कौतुकाने म्हणाली, "एवढ्या गावात त्यांना आमचंच घर आवडलं. दुसऱ्यांदा आले बघा!"