एकशेवीसपैकी बारा

(नाशिक, गंगापूर रोड. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका लहानशा कंपनीचं ऑफिस. २००८ची दिवाळी दहा दिवसांवर.)

चांगुणा : बारा? ताई, फोनवर तुमी एकशेवीस म्हनल्या व्हत्या. मी दोनदा इचारलं. दोन्ही टायमाला एकशेवीसच म्हनल्या.

तृप्ती : म्हणाले होते, चांगुणाताई. तेव्हा बांबूचे आकाशकंदील आपल्या साइटवर फक्त तुमच्या महिला गटाचे होते. पुण्याची एक कंपनी एकशेवीस मागवणार असं कळल्यावर मी लगेच तुम्हाला फोन लावला. ऑर्डर मात्र आली आज सकाळी.

चांगुणा : आली ना? मग झालं की. खाली पिकअपमधी एकशेवीस हायेत. पेठपासून येताना धा-बारा तर मांडीवरच धरले, मोडू नयेत म्हनून. मोजून घ्या.

तृप्ती : अहो, मधल्या आठवड्यात दुसरा एक व्यापारी आला साइटवर. इथला नाशिकचाच. तसेच कंदील. एका वस्तूला दोन विकणारे असले की कॉम्प्युटर ऑर्डर वाटतो. पहिल्या नंबरवाल्याकडे असेल तेवढा माल त्याचा घ्यायचा, उरलेला दुसऱ्याचा. त्याने आपल्याकडे एकशे आठ आहेत असं भरलंय. म्हणून तुम्हाला बारा.

चांगुणा : आन पयला नंबर त्याला का म्हनून? कंदील तर आमी आधी केले.

तृप्ती : आधी कोणी केले ते कॉम्प्युटर नाही बघत. माल किती दिवसांत पोचतो ते बघतो. त्याचं गोदाम शहरात आहे. आणि... गणपतीत तुमच्या टोपल्या उशिरा गेल्या होत्या ना.

चांगुणा : नदीला पानी व्हतं! फरशीचा पूल बुडाला, चार दिस एसटी नाय. तुमाला सांगितलं व्हतं मी.

तृप्ती : सांगितलं होतं.

चांगुणा : मग ते नाय लिवलं?

तृप्ती : तिथं फक्त दिवसांचा रकाना आहे, ताई. नदीचा नाही. चार दिवस उशीर, एवढंच भरता येतं. मीच भरलं.

चांगुणा : दर वरसाला पाऊस उघडला की आमच्या बाया निफाडला जातात, द्राक्षाच्या छाटणीला. पोरंबाळं घेऊन. औंदा चौदा जणींना मी आडवलं. म्हनलं, घरबसल्या काम हाय, पोरांची शाळा नाय बुडायची. मुकादम दारात आला तर मीच त्याला माघारी लावला. त्यानं दुसरी टोळी नेली. आता कुठं धाडू त्यांना?

तृप्ती : थांबा जरा. सर, एक मिनिट याल? ह्या चांगुणाताई, पेठच्या बांबू गटाच्या.

अश्विन : नमस्कार, नमस्कार. बसा ना, उभ्या का?

तृप्ती : सर, ही एक ऑर्डर हाताने फिरवू या का? माल खाली गाडीत उभा आहे.

अश्विन : आणि उद्या तो व्यापारी विचारेल, माझा नंबर का खाली केला, तेव्हा? त्याने ऑर्डर स्वीकारलीय, पुण्याच्या कंपनीला मेलही गेला. एकदा हात घातला की रोज कोणी ना कोणी येऊन बसेल इथं.

तृप्ती : त्याच्याकडे तरी आहेत का एकशे आठ?

अश्विन : पन्नास आहेत. मघाशीच बोललो त्याच्याशी.

तृप्ती : पन्नास? मग भरले कसे एकशे आठ?

अश्विन : बाकीचे तो बाहेरून जमवतो. वेळेत देतो, आपल्याला तेवढं बस. आणि ताई, तुमच्याबद्दलही बोललो मी. तुमचे एकशे आठ घ्यायला तयार आहे तो. काही या ऑर्डरला लागतील, बाकीचे दिवाळीत खपवेल म्हणतो. भाव निम्मा देईल, पण परत नेण्यापेक्षा बरं ना?

चांगुणा : मंजी पुन्याला कंदील आमचेच जानार.

अश्विन : जातील ना, त्याच्या खोक्यातून. फक्त कंदिलांना त्या गटाच्या चिठ्ठ्या बांधल्यात तेवढ्या काढायच्या.

चांगुणा : गटाच्या नायत, साहेब. जिनं कंदील केला तिची सही हाय चिठ्ठीवर.

अश्विन : त्याच. तुमच्या बारांवर राहू द्या खुशाल, ते तुमच्या नावाने जातील. तृप्ती, चारला त्याचा टेम्पो येतोय. तेवढं उरकून घे. येतो मी.

चांगुणा : ताई, नाय म्हनलं तर?

तृप्ती : तर परत न्यायचे. दिवाळी झाल्यावर कंदील कोण घेतं?

चांगुणा : ...कात्री हाय का?

तृप्ती : आहे. चला, मी पण येते खाली. पायरी बघा.

चांगुणा : त्या कडंनं धरा. बांबूची कामटी आत दबती.

तृप्ती : दोरा केवढा घट्ट बांधलाय! ही कोणाची सही?

चांगुणा : सखुबाईची. 'स' उलटा काढती ती. कुनालाच येत नव्हती सही. पावसाळाभर पाटीवर गिरवत बसल्या.

तृप्ती : बारा बाजूला ठेवू या, चिठ्ठीसकट. कोणाकोणाचे ठेवायचे?

चांगुणा : करनाऱ्या तर चौदा जणी.

तृप्ती : हो. म्हणजे दोघी...

चांगुणा : मग तुमच्या यंत्रावानी ठरवू का? फुलाबाईला डोळ्यांनी कमी दिसतं, तिचा हात मंद. ती शेवटली. अक्काबाईचं घर वढ्यापल्याड, पावसात तिला येता येत नाय. ती तिच्या वरची. आसंच ना?

तृप्ती : ताई...

चांगुणा : नाय व्हनार माझ्याच्यानं. सगळ्या कापा.

तृप्ती : त्या बारांच्यापण? अहो, तिथं तुमचं नाव राहू शकतं.

चांगुणा : कापा.

तृप्ती : पुढच्या वेळी मी सरांशी बोलेन. तो रकाना बदलायला लावेन.

चांगुणा : पुढल्या टायमाला माझ्या शबूदावर एक बाई थांबायची नाय, ताई. हा बघा, ह्याची राहिली.

तृप्ती : झाल्या. सगळ्या ह्या पिशवीत घालून देते तुम्हाला.

चांगुणा : नको. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. त्या पुन्याला गेल्या आसं सांगायचंय मला.