उभ्या गाडीचा तडा

बसा मंडळी, बसा. पाय लांब करायचे असतील तर करा, देव रागवत नाही. समोरच्याच्या पाठीला लागले तर तो रागवेल, तेवढं बघा. उत्सव संपत आलाय. बुवा दमलेत, तुम्ही दमलात, आणि आमच्या बंडोपंतांची पेटी मघापासून भात्यातून जांभया देतेय. कबूल करून टाकू आधीच! कबूल केलं की अर्धा शीण तिथंच उतरतो — आणि आजचं आख्यान त्याच अर्ध्या शिणाचं आहे.

एक प्रश्न विचारतो. माणूस कशानं दमतो? कामानं? काम करून आलेला माणूस भाकरी खातो, आडवा होतो, घोरतो. तो दमत नाही, तो थकतो; सकाळी ताजा! मग हे जे आतून दमणं असतं — उठताना दमलेलं, जेवताना दमलेलं, हसतानासुद्धा दमलेलं — ते कशाचं? चूक करायला किती वेळ लागतो हो? पापणी लवते तेवढा! आणि झाकायला? सांगा मला, चूक जड, की तिच्यावरचं झाकण जड?

पदर-पंचे सावरायला लागलात. म्हणजे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे!

पुराणातला एखादा राजा आणला असता उत्तराला. पण राजे फार झाले या आठवड्यात. आज मोटारीच्या बंपरचं आख्यान. हसू नका! बंपरालाही आत्मा असतो, तो प्लास्टिकचा असतो एवढंच.

तर ऐका. विट्याला रंगनाथ अण्णा काळोखे म्हणून एक गृहस्थ. जन्मभर एस.टी. चालवली. आणि कशी? गाडीला ओरखडा नाही! लोक सांगतात, मी नाही सांगत — एकदा वळणावर समोरून म्हैस आली. अण्णांनी फक्त तिच्याकडं बघितलं. म्हशीनं मागं जाऊन साईड दिली! अण्णा ब्रेक लावायचे तर प्रवाशांना कळायचं नाही. आपलं गाव मागं गेलं की पुढं आहे, म्हणून लोक खिडकीतून विचारायचे. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. तो बिल्ला देव्हाऱ्यात. बाळकृष्णाच्या शेजारी! आधी बिल्ल्याला फूल, मग बाळकृष्णाला. पत्नी, अक्का, गेल्यापासून तर बाळकृष्णानंही तक्रार सोडून दिली होती.

घरात तिघं. अण्णा, मुलगा सुहास — बँकेत कारकून — आणि सून प्राजक्ता. अण्णांचा स्वभाव? बोलका! विशेषतः सुहासच्या बाबतीत. पोरगा सायकल शिकला तेव्हापासून अण्णांच्या तोंडाचा पट्टा चालू. “ब्रेक दाब! घंटी वाजव! डोळे रस्त्यावर ठेव, गाढवा!” सुहासला वाटायचं, कधी थांबणार हे? मंडळी, असं काही मागू नये. देव कधीकधी ऐकतो.

सुहासनं मोटार घेतली. पहिली मोटार! डाळिंबी रंगाची. घरासमोर पूजा. गल्ली गोळा. हार, लिंबू, कुंकवाचं स्वस्तिक. आणि नारळ कोण फोडणार? विचारायला हवं का? बिल्लेवाले अण्णा!

आता अण्णांना सवय कशाची? दर दसऱ्याला डेपोत गाडीची पूजा व्हायची, आणि अण्णा नारळ फोडायचे थेट बंपरावर. तो बंपर म्हणजे लोखंडाचा ओंडका! नारळ आपटला की नारळ तर फुटायचाच, शेजारच्या गाडीत झोपलेला कंडक्टरपण उठून तिकीट फाडायला लागायचा. त्याच जोरानं, त्याच जुन्या भक्तीनं, अण्णांनी हात वर केला — “ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!” — आणि नव्या गाडीच्या बंपरावर, उजव्या कोपऱ्यात, हाणला!

नारळ फुटला. टाळ्या! पण अण्णांच्या कानांनी आवाज दोन ऐकले. एक “फट्” — नारळाचा. त्याच्या पोटात दुसरा, बारीक, “कट्”. खाली वाकून बघतात तर बंपराला पोचा, आणि पोच्याच्या मधोमध चांदणीसारखा तडा.

ज्या हातानं म्हशीला ओरखडा आला नाही, त्या हातानं उभ्या गाडीला तडा! इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, गळ्यात हार घातलेला!

सांगायचं ना तेव्हाच? “पोरा, फुटलं रे माझ्याकडून.” पाच शब्दसुद्धा नाहीत! गल्ली हसली असती, सुहास हसला असता, संध्याकाळी विषय संपला असता. पण देव्हाऱ्यातला बिल्ला डोळ्यांपुढं आला. अण्णांनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि तड्यावर आणखी एक स्वस्तिक काढलं. बायका म्हणाल्या, “किती भाविक!”

मंडळी, त्या दिवसापासून अण्णा दमले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुहास बँकेत, प्राजक्ता झोपलेली. आपल्याकडं दुपारी एक ते चार चोरांनाही सुटी असते. अण्णा उठले. शोरूमला न्यावं तर तो अख्खा बंपर बदला म्हणणार, आणि सुहासला कळणार. मग घरचेच उपाय! बंबात पाणी उकळलं. तांब्यानं पोच्यावर ओतलं — प्लास्टिक तापलं की मऊ पडतं — आणि खालून हात घालून आतल्या बाजूनं दाबलं. “टप्!” पोचा बाहेर! अण्णा खूश. बोटं भाजली, तरी खूश. पण तडा? तडा पाण्यानं बुजत नाही. मग नळ गळला की लावतो ना आपण, दोन वड्या मळून करायची ती राखाडी लुगदी, ती भरली. अंगठ्यानं दाबली. आणि रंग? तुळशीच्या कुंडीला लावून उरलेला गेरू होता परसात. डाळिंबी गाडीला गेरू! लांबून बघितलं तर जमलं. आणखी लांबून बघितलं तर फारच छान जमलं!

इकडं सुहास. नवी गाडी, नवा अंदाज. बँकेच्या आवारात वळताना फाटकाच्या खांबाला “खर्र!” उतरून बघायचा धीर नाही. चार माणसं बघतायत ना! तसाच घरी. रविवारी गाडी धुवायला घेतली. बादली ओतली, आणि उजव्या कोपऱ्यातून लाल ओघळ! गेरू गेला वाहून. खाली राखाडी गोळा. गोळ्यावर अंगठ्याचा ठसा.

हा अंगठा सुहासनं ओळखला. मोरीतल्या नळावर लहानपणापासून तोच ठसा बघत आला होता!

आता त्याच्या मनात काय आलं, ते नीट ऐका. “खांबाला घासली ती इथं लागली. अण्णांनी बघितलं. माझ्या चुकीवर त्यांनी गुपचूप लुगदी लावली. आणि — मला बोलले नाहीत!”

मंडळी, आयुष्यभर ज्या बापानं घंटीवरून शिव्या दिल्या, तो गप्प! शिवी बसली असती तर बरं होतं. सुहासला वाटलं, अण्णांनी मला सोडून दिलं. आता मी रागवण्याच्याही लायकीचा राहिलो नाही.

मग यानं काय केलं? विचारलं? छे! मोबाईलवर बंपर दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. एक दुपार रजा टाकली — अण्णा झोपलेले, प्राजक्ता माहेरी. पाणी लावून पॉलिश पेपरनं लुगदी घासली. पेंटरकडून आणलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळवली, परत घासली. शेजारच्या रंगावर टूथपेस्ट चोळून चकाकी आणली. दोन दिवस गाडीला पुदिन्याचा वास. आणि वरचा रंग? डाळिंबी कुठं मिळेना. बायकोचं कपाट उघडलं. लग्नातली नेलपॉलिशची बाटली! तंतोतंत छटा. अख्खी बाटली बंपराला.

प्राजक्ता परत आली. “अहो, माझी नेलपॉलिश कुठं गेली?”

“मला काय माहीत? मी लावतो का?”

“मग नखं दाखवा.”

“बँकेत शाई लागली.”

“डाळिंबी शाई? कुठल्या खात्याला वापरता हो?”

ती काही बोलली नाही पुढं. बायका बोलत नाहीत पुढं. साठवतात! पुढच्या रांगेतल्या वहिनी मान हलवतायत बघा.

आणि अण्णा? अण्णांनी संध्याकाळी कोपरा बघितला. आपली लुगदी गायब! गुळगुळीत, चकचकीत. हात फिरवला आणि मट्कन पायरीवर बसले. “पोराला कळलं. माझी चूक त्यानं स्वतःच्या हातानं पुसली. आणि म्हाताऱ्याची लाज राखायला एक शब्द बोलला नाही.”

तोही गप्प. हाही गप्प. दोघांना वाटतंय, समोरच्याला सगळं ठाऊक आहे! खरं तर कुणाला काहीच ठाऊक नाही. जेवताना ताटांचे आवाज फक्त. अण्णा गाडीत बसेनात. “चालून येतो, गुडघ्याला बरं पडतं.” खोटं! गुडघा देवाला विचारत होता की अजून किती चालवणार. अण्णांनी देव्हाऱ्यातला बिल्ला उचलून कपाटात टाकला. सुहास गाडी उजवी बाजू भिंतीला लावून उभी करायला लागला. पाऊस आला की दोघंही दचकून बाहेर बघायचे, रंग धुतला जाईल म्हणून. झोप उडाली, बोलणं उडालं. घर दमलं हो! एका नारळानं!

नवी गाडी कुलदैवताला दाखवून आणायची, ही पद्धत. ज्योतिबा तिकडं डोंगरावर वाट बघतोय! पण गाडी निघेना. आज अमावास्या, उद्या टायरात हवा कमी, परवा पाहुणे. शेवटी प्राजक्ताच म्हणाली, “तुम्ही दोघं येणार नसाल तर मी आणि गाडी एस.टी.नं जातो.” निघाले.

घाट लागला. सुहास घाबरलेला, चुकीचा गिअर, इंजिन रडतंय, गाडी हिसके देतेय. शेजारी कोण बसलंय? या घाटात डोळे मिटून एस.टी. चढवणारा माणूस! सुहास चोरून बघतोय — आता बोलतील, आता बोलतील. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. त्या घाटात दोन माणसं शेजारी शेजारी बसून इतकी एकटी होती, की मागं बसलेल्या प्राजक्तालाच रडू आलं.

वर पोचले. ऊन मी म्हणतंय! गाड्यांची रांग. पुजारी आले. गाडीवर पाणी शिंपडलं, मूठभर गुलाल उधळला, आणि बंपरावर पालथ्या हातानं गुलाल पसरायला गेले. उन्हानं तापलेला बंपर, त्यावर पाणी — हाताबरोबर अख्खा तुकडाच निघून आला! वर नेलपॉलिश, खाली लांबी, त्याखाली लुगदी.

“अहो पाव्हणं, ही काय खपली?” पुजाऱ्यानं विचारलं. “बरं, राहू द्या. घरातल्या थोरल्यानं नारळ फोडा. चला, लवकर.”

आणि नारळ अण्णांच्या हातात दिला.

तेच वजन, तीच शेंडी. समोर उघडा तडा. मागं हॉर्न. आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं, “मला नका देऊ. हा तडा मीच पाडला. पूजेच्या दिवशी. नारळानं.”

सुहास पुढं झाला. “अण्णा, माझ्यासाठी खोटं कशाला बोलताय? मी घासली ती खांबाला!”

“मी फोडली म्हणतोय ना!”

“नाही, मी!”

“अरे, बापाला खोटं पाडतोस?”

जगात पहिल्यांदाच असं भांडण, मंडळी! चूक माझी, चूक माझी, म्हणून ओढाओढ! मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, “ठरवा की लवकर कुणाची हाय ते! नसंल कुणाची तर माझी म्हणा, पण गाडी काढा!”

प्राजक्ता खाली वाकली. तड्यात काहीतरी अडकलं होतं. नखानं ओढलं. नारळाच्या शेंडीचा एक धागा! तिनं तो सगळ्यांपुढं धरला. “हा खांबाला नसतो.” मग सरळ नवऱ्याकडं बघून, “आणि ही नेलपॉलिश बँकेत नसते.”

“मग मी घासली ती कुठं?” सुहास म्हणाला.

आणि तिघंही गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. डाव्या कोपऱ्याला हा एवढा ओरखडा! खांबाला घासल्या दिवसापासून उघडा! घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कळतं होय? उजव्याला लुगदी, उजव्याला लांबी, उजव्याला रंग — आणि डावा कोपरा सगळ्या गावानं बघितलेला!

सुहास हसायला लागला. इतक्या दिवसांचं तुंबलेलं. “अण्णा! म्हशीला चुकवलंत, घाटाला चुकवलंत — आणि उभी गाडी?”

“हस, हस,” अण्णा म्हणाले. डोळ्याला पंचा लावला. मग बाजूच्या दगडापाशी गेले. दगडावर, हं! नारळ फोडला. “चांगभलं!”

परत निघाले. घाटाचा उतार लागला. सुहासनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. आणि मग —

“गाढवा! उतारावर न्यूट्रल करतोस? ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर! पाय काढ क्लचवरनं! तुला काय गाडी ढकलून न्यायची आहे घरी?”

सुहासनं गिअर टाकला. रस्ता थोडा धूसर दिसत होता त्याला. काच नव्हती धूसर. “होय अण्णा,” म्हणाला. आणि मागच्या सीटवर प्राजक्ता कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. त्या आरडाओरड्यात!

तो तडा अजून तसाच आहे. कुणी विचारलं की अण्णा स्वतः दाखवतात. बिल्लाही परत देव्हाऱ्यात आला. फक्त आता फूल आधी बाळकृष्णाला.

आणि तुम्ही? येताना मी देवळाबाहेरच्या गाड्या बघत आलो. एका बंपरावर देवाचं चित्र चिकटवलंय, अगदी कोपऱ्यात, तिरकं. देव तिथं कशाला उभा केलाय, ते मी विचारत नाही! मालक खाली बघतायत, तेवढं पुरे. पण गाडीचं सोडा. घरी काय झाकलंय? कुणापासून? आणि ज्याच्यापासून झाकलंय, तो ते बघून गप्प बसलाय की त्याला काही ठाऊकच नाही — हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? नाही ना? मग दमणारच!

मी म्हातारा झालो, मला फार बोलवत नाही. आज घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आधी, दारातच, एक वाक्य बोला. “फुटलं माझ्याकडून.” एवढंच. शिव्या बसतील. बसू द्या, घर जागं झाल्याची ती खूण आहे.

चला, बंडोपंत, पेटी मिटा. आरतीला उठा सगळे. आणि तो प्रसादाचा नारळ कुणीतरी फोडा — पायरीवर! गाड्यांपासून लांब!