तळाच्या गाडग्यातले सांडगे

कडेगावच्या थांब्यावर एसटीची वाट बघत दोन म्हाताऱ्या माझ्यामागं बोलत होत्या.

“घरात भाजी न्हवती, आक्काताई, म्हणून उतरंड उतरली. तळाच्या गाडग्यात सांडगं घावलं.”

“कवाचं?”

“सुनंनं घातल्यालं. मिरजेला बाळंतपणाला गेली आन तिथंच वारली, ती जायच्या आदल्या आठवड्यातलं.”

“आगं बया! मग?”

“भाकरीसंगं त्याचं कोरड्यास केलं. माझा सोपान जेवला. मग म्हणाला, आई, उरल्यालं दाव.”

“दावलंस?”

“व्हय. एकेक सांडगा हातात घिऊन तिच्या चिमटीच्या खुणंवर बोट ठिवत बसला.”

“मग?”

“चुलीपाशी कवा न येणारं पोरगं, त्यानं गाडगं परत तळाला ठिवलं आन सगळी उतरंड आपल्या हातानं वर रचली.”