जीपचा रोटर
गाडीतलं मला कळतं म्हणता, पण त्या विद्येचा मला एकदा फार राग आला होता. एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष झालं असेल. माझा थोरला भाऊ आबा पलटणीत ड्रायव्हर होता. त्याची सुट्टी संपली होती आणि कोरेगावला रेल्वे गाठायला जेमतेम तास उरला होता. अंगणातली आमची जुनी जीप मात्र काही केल्या सुरू होईना.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत होती, पेट्रोल येत होतं, पण प्लगला ठिणगीच नव्हती. आबा सारखा घड्याळ बघत होता.

"आवर गड्या! हजेरी चुकली तर लय महागात पडंल."

घाईत माझी बोटं सोलवटली. शेवटी डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं, तर ठिणगी पुढं पाठवणारा छोटा रोटरच आत नव्हता.

मी ओरडलोच, "आबा, ह्यो आपसूक पडत न्हाई. कुणीतरी काढलाय!"

दारात वहिनी उभी होती. लग्नाला चारच महिने झाले होते. तिनं मूठ उघडली. आत रोटर होता.

"तुमीच दावलं हुतं न्हवं," ती आबाला म्हणाली, "एवढं काढलं की गाडी हलत न्हाई."

आबानं रोटर घेतला आणि स्वतःच बसवला. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी त्याला कोरेगावला सोडायला गेलो. रेल्वे हलल्यावर तो खिडकीतून वाकून म्हणाला,

"पुढच्या सुट्टीला जीप अडली, तर ते टोपण उघडू नगंस."